सरनाला जातंस का गं?

आमच्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे, पण ती वर आहे. दार बनवणाऱ्यानं उभ्या माणसाचा हिशेब धरला होता, त्यात त्याची काही चूक नाही. शिळफाट्याच्या या खोलीत राहायला आलो तेव्हा मीही उभीच होते. पहिल्याच दिवशी मी ती कडी दोनदा लावून बघितली होती आणि मिस्टरांना म्हणाले होते, "कडी चांगली मजबूत हाय. परक्या गावात बरं असतं."

आता मी पाटावर असते. माझ्या मिस्टरांनी पाटाला खालून चार चाकं बसवलीत. हातांनी फरशी रेटत मी खोलीभर फिरते. शेगडी खाली आली, पिठाचा डबा खाली आला, आरसा खाली आला. कडी तेवढी वर राहिली.

मी पळसदरीच्या बाजूला एका रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या कामाला जायची. टेंपोतून आम्हा बायकांना न्यायचे. एका वळणावर टेंपो कलंडला. बाकीच्यांना खरचटलं, एकीचा हात मोडला, माझ्या पाठीचा मणका गेला. कमरेखाली मला माझंच काही कळत नाही. चटका बसला तर डोळ्यांनी बघावं लागतं, तेव्हा समजतं. एका शिबिरात मला चाकाची खुर्चीही मिळाली. ती घडी घालून भिंतीला टेकवलेली असते आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालतो. आमची खोली वरच्या मजल्यावर, जिना अरुंद आणि खडा. खालचे सगळे गाळे मालकानं दुकानांना दिलेत. खुर्ची जिन्यावरून जात नाही, आणि तिच्याशिवाय खाली जाऊन मी काय करणार? म्हणून आम्ही दोघी वरच.

दवाखान्यातून घरी आल्यावर थोड्याच दिवसांत एक गोष्ट झाली. मिस्टर दूध आणायला गेले होते. मला वाटलं, जरा गॅलरीत जाऊन बघावं. तेव्हा पाट नव्हता, हातावर सरकत गेले. उंबरा ओलांडला आणि तोल गेला. ते दूध घेऊन आले तेव्हा माझं डोकं जिन्याच्या वरच्या पायरीवर होतं आणि बाकीचं अंग गॅलरीत. मला फार लागलं नव्हतं. पण त्यांच्या हातातली दुधाची पिशवी फुटली, ते मला आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना ते बाहेरून कडी लावायला लागले. म्हणाले, "आतून तुला लावता येत नाही, अन् उघडं टाकून मला जाता येत नाही. माकडं येतात, माणसं येतात. मी काय करू?" ते खालापूरकडच्या एका कारखान्यात मशीनवर आहेत. जाताना गॅस बंद केला का बघायचे, पाण्याची कळशी जवळ सरकवायचे, फोन चार्ज आहे का बघायचे. मग दार ओढायचे. मग कडीचा आवाज.

त्या आवाजानंतर माझ्या छातीत जे सुरू व्हायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. आग लागली तर? वायर जळाली तर? फोन होता, पण फोन केल्यावर ते तिकडून येणार कधी? पंखा जरा कुरकुरला तरी मी त्याच्याकडे टक लावून बसायची. दाराला एक फट आहे. त्या फटीतून उजेडाची काडी आत येते. ती फरशीवरून सरकत शेगडीपाशी गेली की समजायचं, अर्धा दिवस गेला.

आणि बोलायचं तरी कसं? या माणसानं माझी लघवीची पिशवी रोज रिकामी केली. पाठीला जखम होऊ नये म्हणून झोपमोड करून माझी कूस बदलली. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आमचं गाव हिंगोलीकडं. आईचा फोन आला की तिचं एकच असायचं, "नशीबवान हाईस माय. दुसऱ्यानं कवाच माहेरी आणून टाकलं असतं." मला ते पटत होतं. पटत होतं म्हणूनच तोंड उघडत नव्हतं. ज्यानं एवढं केलं त्याला आणखी एक गोष्ट मागायची, तीही त्याच्या काळजीविरुद्ध, हे मला कृतघ्नपणाचं वाटायचं.

मग मी वंदना म्हणायला लागले. आम्ही बौद्ध. लहानपणी सकाळी वडील आम्हा भावंडांना ओळीनं बसवून त्रिसरण म्हणायला लावायचे. सातवीनंतर माझी शाळा सुटली, कारण पुढचा वर्ग दुसऱ्या गावाला होता. पण वंदना सुटली नाही. लग्नानंतर मात्र कामाच्या घाईत पौर्णिमेपुरती उरली. आता दार बंद झालं की मी फोटोपुढं पाट आणायची, हात जोडायची आणि मोठ्यानं म्हणायची. बुद्धं सरणं गच्छामि. धम्मं सरणं गच्छामि. संघं सरणं गच्छामि. मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. श्रद्धेनं म्हणत होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. भीतीनं म्हणत होते. खोलीत माणसाचा आवाज पाहिजे होता, आणि माणूस मी एकटीच होते.

जिन्याच्या खाली, दुकानाच्या कडेला एक मावशी रानभाज्या घेऊन बसायची. डोंगराच्या पोटाला असलेल्या ठाकरवाडीवरून सकाळी मिनीडोअर रिक्षानं यायची. मी तिला पाहिलं नव्हतं, आवाज तेवढा ओळखीचा. "टाकला घ्या, कुर्डू घ्या, कवली हाय बगा." पावसाळ्याचे दिवस होते. त्या दिवशी मिस्टर गेले, कडी लागली, मी वंदना म्हटली आणि तांदूळ निवडायला घेतले. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आमच्या दाराशी थांबली. आणि कडी हलली.

माझ्या हातात लाटणं आलं कसं ते मला माहीत नाही. दार उघडलं. गुडघ्यापर्यंत लुगडं, कमरेवर पाटी, काटकुळी बाई. तिनं लाटण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि अगदी हळू, रडक्या पोराशी बोलावं तसं म्हणाली, "बाय, सरनाला जातंस का गं?"

"काय?"

"रोज आयकतंय मी. नवरा गेला का तुजं सुरू. सरनं गच्छामि, सरनं गच्छामि. एकदा म्हनून थांबत नायस. मी खाली बसून म्हनतंय, आज जाईल का उद्या जाईल. भाजी इकन्यात लक्ष नाय माजं. कालच्याला मी एका बाईला टाकल्याच्या पैशात कवलीची जुडी दिली." पाटी खाली ठेवून ती उंबऱ्यावर टेकली. "असं नको करू गं. सरनावर जायाचं वय हाय का तुजं?"

मग माझ्या ध्यानात आलं. सरण. लाकडांचं. मी रोज सकाळी दार बंद करून खणखणीत आवाजात चितेवर जाते असं जाहीर करतेय, असा या बाईचा समज होता. आणि तिनं तो जिवाला लावून घेतला होता.

मला हसू आलं. टेंपो उलटल्यापासून मी हसले नव्हते असं नाही, लोक बघायला आले की हसायची. हे तसलं नव्हतं. पोट मला अर्धंच कळतं, पण जेवढं कळतं तेवढं सगळं हललं. लाटणं हातातून पडलं आणि घरंगळत तिच्या पायाशी गेलं.

"अवो मावशी, ते सरण नाही. ती पाली भाषा आहे. आमच्यात सकाळी म्हणतात. सरणं म्हणजे आसरा. बुद्धाच्या आसऱ्याला जाते."

"आसरा?" ती बसल्या जागी मागं सरकली. "पान्यातल्या? आमच्या वाडीच्या डोहात हायत त्या. बायांना धरून पान्यात वढतात! त्यांच्याकडं कशाला जातंस? त्यापरीस सरन बरं!"

"तसला नाही वो! आधार, आधार."

"मग आधार म्हन की सरळ. सकाळच्या पारी लोकाला भ्या दावतंस." ती आता जरा सैल झाली होती. पाटीतली भाजी उगाच वरखाली करत म्हणाली, "अन् गच्छामि म्हंजी?"

"जाते. मी जाते."

तिनं माझ्या पाटाकडं पाहिलं. मग मान वळवून दाराकडं पाहिलं. "कुठं जातंस? भायेरून कडी हाय."

टिंगल नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. वडिलांनी अर्थ शिकवला होता, परीक्षेत विचारला असता तर सांगितला असता. पण इतकी वर्षं म्हणताना 'जाते' या शब्दाकडं मी बघितलंच नव्हतं.

"मिस्टर लावतात," मी म्हणाले. "काळजीनं."

"काळजीनं तर गुरं पन बांधत्यात," ती म्हणाली आणि उठली. दाराबाहेर गेल्यावर परत डोकावली. "लावू का उघडी ठेवू?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मिस्टरांनी नाही, आईनं नाही. डॉक्टर तर माझ्याविषयी मिस्टरांनाच विचारायचे, "यांना झोप लागते का?" मावशी दार धरून उभी होती. मी म्हणाले, "लावा."

भीती वाटली, दुसरं काय. कडी लागली आणि मला माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर आली. "लावू का उघडी ठेवू?"

"थोडा वेळ ठेवा."

तेवढ्यावर सुरू झालं. सकाळचं गिऱ्हाईक ओसरलं की ती वर यायची, कडी काढायची आणि उंबऱ्यावर बसून जुड्या बांधायची. मी पाट उंबऱ्याला लावून गॅलरीकडं तोंड करून बसायची. समोर रस्ता, ट्रकची रांग, त्याच्या मागं घाटाचा उभा डोंगर. ढग उतरला की डोंगर जायचा, पाऊस थांबला की अंगावर पांढऱ्या धारा घेऊन परत यायचा. मी ज्वारी-तुरीच्या सपाट मुलखातली. असा डोंगर दारात असून मी त्याला कारखान्याची भिंत बघावी तशी कधीमधी बघितली होती. आता तोंडावर वारा यायचा आणि पाण्याचे बारीक तुषार यायचे. माझं अंग जिथपर्यंत मला कळतं तिथपर्यंत ते गार लागायचं. त्याला मी आनंद म्हणते. मोठा शब्द आहे, पण दुसरा सापडत नाही.

मावशी मला रोज काही तरी शिकवायची आणि माझी चेष्टा करायची. एकदा शेवळं ही पावसाळी भाजी देऊन गेली, सोबत काकडं नावाची हिरवी फळं दिली. मी शेवळं शिजवली आणि फळं कडू लागली म्हणून टाकून दिली. पहिल्याच घासाला घशात अशी खाज सुटली की विचारू नका. मावशीला सांगितलं तर ती भिंतीला धरून हसली. "अगो येडे, काकडं नाय घातलीस तर घसा खाजनारच! ती काय शोभेला दिली व्हती?" वरूनच ओरडून तिनं खालच्या दुकानवाल्यालाही सांगितलं. मला वाईट वाटलं नाही. या गावात माझी चूक कुणाला तरी माहीत झाली, कुणी तरी मला हाक मारायला लागलं, "अगो बाय, उठलीस का?" आणि मी वरून ओ द्यायला लागले. परगावी माणसाला ओ देता येणं ही लहान गोष्ट नाही.

वंदनाही बदलली; मी ती आता मावशीनं दार उघडल्यावर म्हणायला लागले. दार उघडं असताना म्हणायला आधी लाज वाटली, रस्त्याला ऐकू जायची. मावशी मध्येच भुवया उडवायची. मी म्हणता म्हणता हातानंच तिला खूण करायची, आधार, आधार. पण गच्छामि म्हणताना आता मला थांबायला व्हायचं. मी जाते. कुठं, ते माहीत नव्हतं. पण तो शब्द माझा मलाच म्हणावा लागतो. मिस्टर माझं सगळं करतात, पण माझ्यासाठी गच्छामि नाही म्हणू शकत. हे मला उंबऱ्यावर बसून कळलं.

मिस्टरांची पाळी सुटायच्या आधी मावशी न चुकता कडी लावून जायची. "चोरी करतोय आपन," एकदा म्हणाली. "अन् ती पन तुज्याच घरात."

अशी चोरी किती चालणार? एक दिवस कारखान्यात वीज गेली आणि त्यांना लवकर सोडलं. मी त्या दिवशी उंबरा ओलांडून थेट गॅलरीत गेले होते. कठड्याच्या गजांतून हात बाहेर काढून पत्र्यावरून पडणारं पाणी ओंजळीत घेत होते. जिन्यावर पावलं आली. मला वाटलं मावशी. वळून बघितलं तर मिस्टर.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वरच्या पायरीवर बसले. डब्याची पिशवी मांडीवर घेतली. "कुणी उघडलं?"

मी काही बोलायच्या आत खालून मावशी आली. "मी उघडलं. रोज उघडतंय. काय करशील?"

"मावशी, तुम्हाला माहीत नाही," मिस्टर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ही पडली होती. हितं." त्यांनी पायरीवर हात ठेवला. "डोकं हितं होतं. मी मशीनवर असतो तेव्हा मला ही पायरीच दिसती. दोनदा हात जाता जाता राहिला माझा."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, कडी लावून ते निश्चिंत जातात.

मावशीनं वाकून ती पायरी बघितली. मग म्हणाली, "मग त्या पायरीला कडी लाव. हिला कशाला लावतंस?"

मिस्टर माझ्याकडं वळले. "तू सांग. मी कोंडलं का तुला?"

हो म्हणावं तर त्यांनी केलेलं सगळं त्यांच्या तोंडावर फेकल्यासारखं. नाही म्हणावं तर दार उद्यापासून कुलपानं बंद, आणि या वेळी मावशीलाही ते उघडता येणार नाही. पत्र्यावरून पाणी पडत होतं. माझे हात ओले होते.

"तुम्ही लई केलं माझ्यासाठी," मी म्हणाले.

त्यांचे खांदे खाली आले. मावशीनं तोंड दुसरीकडं केलं. तिला वाटलं, झालं, ही कसली बोलतेय. मलाही तसंच वाटलं. पण वाक्य अर्धं राहिलं होतं.

"पण कडी माझ्या हातात पाहिजे. ती लागली की मला भीती वाटती. रोज वाटती. तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांनी डब्याची पिशवी कठड्याला अडकवली. मग म्हणाले, "मलाबी वाटती." आणि उठून मला उचलून आत घेतलं. त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार ओढलं गेलं आणि कडी लागली. मग ती निघाल्याचा आवाज आला. मग परत लागली. परत निघाली. बाहेर ते उभे होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. शेवटी पावलं जिन्यावरून उतरली. दार नुसतं लोटलेलं होतं. मी त्या दिवशी गॅलरीत गेले नाही. उघड्या दारानं मला इतकं घाबरवलं की मी फोटोपुढून हलले नाही. मावशी वर आली, दाराला कडी नाही बघून थबकली. मला बघून म्हणाली, "आता काय झालं? आता तर सुटलीस."

"सवय नाही," मी म्हणाले.

"व्हईल," ती म्हणाली आणि जुड्या बांधायला बसली.

सुट्टीच्या दिवशी मिस्टर ड्रिल मशीन मागून घेऊन आले. कारखान्यातल्या एका मित्रानं पाइपांचं छोटं फाटक जोडून दिलं होतं, ते जिन्याच्या तोंडाला बसवलं. मग मला म्हणाले, "पाटावर बस. दारापाशी ये. हात लांब कर. ताणू नको, सहज जातो तेवढाच." माझी बोटं जिथं टेकली तिथं त्यांनी पेन्सिलीनं खूण केली. नवी कडी त्या खुणेवर बसली. बाहेरची त्यांनी काढून टाकली. तिच्या जागी दोन भोकं राहिली, त्यांत साबण भरला.

यानंतर सगळं सोपं झालं असं नाही. जिना आहे तेवढाच आहे. खुर्चीवर अजून टॉवेल वाळतात. पौर्णिमेला विहारात जायचं तर दोन माणसं उचलायला लागतात आणि ती दर पौर्णिमेला मिळत नाहीत. पावसात पाठ दुखते, जखमेची धास्ती असते. काही दिवस मी कडी लावून आतच बसते, कुणाशी बोलत नाही. मावशी खालून हाका मारून थकते. पण त्या दिवशी कडी मी लावलेली असते.

नवी कडी बसवली त्याच्या दुसऱ्याच दिवसाचं सांगते. संध्याकाळी पाऊस पडत होता. मी आत भाजी चिरत होते. दारावर थाप पडली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मिस्टर आपल्याच दारावर थाप मारून कधी उभे राहिले नव्हते. मी विळी बाजूला ठेवली आणि पाट रेटला. पाटाचं चाक चटईत अडकलं. "थांबा!" मी ओरडले. चाक सोडवलं, पुन्हा रेटलं. बाहेर ते खोकले. मी दाराशी पोचले आणि कडीवर हात ठेवला.

"कोण हाय?"

बाहेर चपलांची चुळबुळ झाली. मग, "मी."

"मी कोण?"

खाली मावशी आपली पाटी आवरत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. ती खो खो हसत सुटली. "अगो उघड की! भिजतंय ना तो!"

मिस्टरही हसत होते, दाराच्या फळीतून मला ते कळत होतं. मी लगेच उघडलं नाही. हात कडीवर ठेवून जरा वेळ तशीच बसले.